नववी मांडणी

माझ्या वाट्यांबद्दल आमच्या वाडीत आजवर कुणी तक्रार केलेली नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. पस्तीस वर्षं मी वीज कंपनीत लाइनमन होतो, भर पावसात खांबावर चढलो, दोनदा हात भाजून घेतले, त्याचं कौतुक कुणी केलं नाही. पण वर्षातून दोनदा वाडी मिळून खाडीत जाळं लावते, तेव्हा मासळीचे वाटे घालायला मात्र राजेंद्रच लागतो. एकतीस घरं, एकतीस वाटे. प्रत्येकात एखादा मोठा मासा, चार मधले, मूठभर बारीक. डोळे मिटून कुणी कुठलाही उचलावा.

हे मला माझ्या बापाने, सखारामने शिकवलं. त्याच्या लहानपणी, म्हणजे छपन्न सालच्या आधी, गावाचं जाळं ओढायला आमची माणसं असायची, पण आमचा वाटा बांधापलीकडे वेगळा पडायचा. डोकी, काटे, आणि ज्याला दुसरं कुणी हात लावत नाही ते. माझा आजा ते पानात गुंडाळून मुकाट्याने घरी आणायचा. धम्म घेतल्यावर बापाने त्या बांधाकडे परत बघितलं नाही. वाडीने स्वतःचं जाळं घेतलं, वाटे बाप घालू लागला, आणि पुढे मला बसवलं तेव्हा त्याने एकच सांगितलं, "कुणाचा वाटा बाजूला ठेवायचा नाय."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जो घोळ घातला तो याच्यातूनच निघाला.

माझी मुलगी दीक्षा इंजिनियर आहे. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी घरी आली ती एक खूळ डोक्यात घेऊन. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी सात-आठ वर्षांत थकते. गाडी ओढण्याएवढी ताकद तिच्यात राहत नाही, म्हणून ती काढून टाकतात. पण दीक्षाचं म्हणणं, ती मेलेली नसते. एका जागी स्वस्थ बसून काम करायचं असेल तर तिच्यात अजून दहा वर्षांचा जीव असतो. अशा जुन्या बॅटऱ्या गोळा करायच्या, दुपारी लाइनला वीज मुबलक असते तेव्हा त्या भरायच्या, आणि संध्याकाळी ती वीज गावाला परत द्यायची.

आमच्या गावाला याची गरज का, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव, तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला. संध्याकाळी सहा वाजले की वाटेतली सगळी गावं आपापले दिवे-पंखे लावतात आणि आमच्यापर्यंत येते ती उरलीसुरली वीज. दिवे मिणमिणतात. नळाचा पंप पाणी चढवत नाही. केरूचा बर्फाचा कारखाना बंद पडतो, आणि बर्फ नाही म्हणून आमच्या वाडीतल्या मासळी विकणाऱ्या हौसाबाय टोपलीतली मासळी मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. पस्तीस वर्षं मी ही तार सांभाळली आणि पस्तीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे पोरीचं खूळ मला मनातून आवडलं होतं. तोंडावर मी तसं बोललो नाही. तोंडावर मी म्हटलं, "भंगारवाल्याला जावय करून घ्यायचा बाकी हाय फक्त."

तिने मनावर घेतलं नाही. बंद पडलेली काथ्याची शेड भाड्याने घेतली, मुंबईहून दोनशे सोळा डबे आणले. डबा म्हणजे बॅटरीचा एक तुकडा, साधारण रॉकेलच्या जुन्या डब्याएवढा, पण उचलायला दोन माणसं. प्रत्येक डबा तिने भरून, रिकामा करून तपासला आणि त्याच्या अंगावर खडूने आकडा घातला. कुणाच्या अंगावर ऐंशी, कुणाच्या सत्तर, कुणाच्या पंचावन्न. जेवढा आकडा, तेवढा टक्के जीव शिल्लक. डबे ठेवायला लोखंडी मांडण्या केल्या, एका मांडणीत चोवीस. मदतीला फुकटातला लाइनमन घरात होताच.

वीज कंपनीने तिला एक चाचणी घालून दिली. मे महिन्यात एका संध्याकाळी सहा ते नऊ गावाची तार तोडायची, आणि ते तीन तास अख्खं गाव या डब्यांनी ओढून दाखवायचं. दाखवलं तर शेड कायमची, करार दहा वर्षांचा. नाही दाखवलं तर डबे भंगारात, शेड रिकामी, आणि दीक्षाने पुण्याला जाऊन परत कुणाच्या तरी हाताखाली बसायचं. तिने दोन वर्षं या एका संध्याकाळवर लावली होती.

चाचणीच्या चार दिवस आधी इन्व्हर्टरच्या कामासाठी तिला पुण्याला जावं लागलं. जाताना तिने मला यादी दिली. कुठला डबा कुठल्या मांडणीत, सगळं नीट लिहिलेलं. "बाबा, एवढं लावून ठेवा. यादीप्रमाणेच हां."

यादीप्रमाणे पहिल्या मांडणीत सगळे ऐंशीचे. दुसरीत अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचे. असं उतरत आठव्या मांडणीपर्यंत. आणि पंचावन्नच्या आसपासचे चोवीस डबे? त्यांच्यापुढे लिहिलं होतं, "दाराजवळ ठेवा. परत पाठवायचे."

मी ते चोवीस डबे दाराजवळ नेऊन ठेवले. बाजूला, भिंतीला लागून. बिडी ओढत त्यांच्याकडे बघत बसलो आणि माझं डोकं फिरलं. ज्यांनी इतकी वर्षं गाड्या ओढल्या, त्यांना बांधापलीकडे. बापाचा आवाज कानात. उठलो, खडू घेतला, आणि तीन दिवस खपून माझे वाटे घातले. दोनशे सोळा डबे, नऊ मांडण्या. प्रत्येक मांडणीत काही ऐंशीचे, काही सत्तरचे, दोन-तीन पंचावन्नचे. बेरजा करकरून बघितल्या. नऊच्या नऊ मांडण्यांची बेरीज सारखी आली. एकतीस घरांच्या मासळीतही इतका बिनचूक हात मला कधी लागला नव्हता.

आता कुणी म्हणेल, तू लाइनमन, तुला एवढं कळायला नको? मांडणीतले चोवीस डबे एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तीच वीज जाते. एक दमला की त्याच्यासाठी बाकीच्या तेवीस जणांना थांबावं लागतं, पोटात कितीही शिल्लक असो. कळत होतं हो मला. पण त्या तीन दिवसांत मी लाइनमन नव्हतो, सखारामचा मुलगा होतो.

दीक्षा आली ती चाचणीच्या दिवशी दुपारी, इन्व्हर्टरची पेटी घेऊन घामाघूम. मांडण्यांची झाकणं लावलेली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळे डबे काठोकाठ भरलेले दिसत होते. भरलेले असताना सगळे सारखेच दिसतात, फरक रिकामे होताना कळतो. "नऊ मांडण्या कशा?" एवढं तिने विचारलं. मी म्हटलं, "जास्त झाल्या तर काय बिघडलं?" तेवढ्यात कंपनीचे साहेब आले आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

साहेबांचं नाव अजिंक्य. माझ्या हाताखाली उमेदवारी केली असती एवढं वय, पण माणूस सरळ. सहा वाजता त्यांनी तार तोडली. गाव उजळलं. मिणमिण नाही, फडफड नाही, स्वच्छ दिवे. वाडीतली माणसं शेडच्या अंगणात जमली होती, हौसाबाय टोपली घेऊन आल्या होत्या. मी छाती काढून दारात उभा राहिलो.

आठ वाजायला दहा मिनिटं असताना तिसरी मांडणी बंद पडली. मग सातवी. त्यांचा भार बाकीच्यांवर आला, आणि पाच मिनिटांत सगळ्या एकापाठोपाठ एक बसल्या. गाव काळोखात. अंगणातली माणसं काही न बोलता घराकडे निघाली, ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

अजिंक्य साहेबांनी टॉर्चच्या उजेडात कागदावर वेळ लिहिली. म्हणाले, "आठ दिवसांनी परत एकदा घेऊ. त्यानंतर माझ्या हातात नाही."

दीक्षा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने कंपनीला पत्र लिहायला घेतलं. "बाबा, माझी मोजणीच चुकली. आकडे खोटे आलेत. दुसऱ्या चाचणीला अर्थ नाही, लोकांसमोर परत तेच होणार." मी खाली बघत चहा प्यालो. आयुष्यात वाट्यावरून कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आता मीच दाखवायचं होतं.

मागीलदारी माझी बायको प्रभावती आंबे निवडत बसली होती. वीस वर्षं ती बागायतदाराच्या शेडमध्ये पेट्या भरते, हंगाम संपत आला की राहिलेले आंबे घरी आणते. तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. दाराजवळचे डबे, बाप, वाटे, बेरजा. तिने हातातला आंबा दाबून बघितला आणि बाजूला ठेवला.

"तयार आंबा नि कच्चा आंबा एका पेटीत घातलात तर काय होतं?"

"तयार असतो तो कुजतो."

"आणि त्याच्यापायी बाकीचे जातात. मुंबईला पेटी उघडतात तेव्हा कुणी विचारत नाय की वरचा आंबा किती मोठा व्हता. म्हणून तयार तयारात, कच्चा कच्च्यात. वीस वर्षं मी दुसरं काय करत्ये? मला इचारलं असतंत तर."

"डबे बाजूला टाकलेले बघवले नाहीत गो."

सासऱ्याला तिने पाहिलं होतं, बांधाची गोष्ट तिलाही ठाऊक होती. मग म्हणाली, "तुमचं दुखणं खरं हाय. पण ते पोरीनं का भोगायचं? ती स्वतःला दोष देत बसल्ये तिकडे. जा, उठा."

उठलो. ओटीपर्यंतची दहा पावलं मला खांबापेक्षा उंच वाटली. दीक्षासमोर उभा राहून म्हटलं, "तुझे आकडे बरोबर होते. यादी मी मोडली." आणि मग आजाच्या पानातल्या वाट्यापासून सगळं सांगितलं. ही गोष्ट तिला मी आधी कधीच सांगितली नव्हती. अशा गोष्टी मुलांपर्यंत पोचू नयेत असं मला वाटायचं.

ती चिडली. चिडायलाच हवं होतं. "तुम्ही मला एकदा फोन करायचात, बाबा. एकदा." लॅपटॉप बंद करून ती खाडीकडे तोंड करून बसली. मग वळून म्हणाली, "डब्यांना अपमान कळत नाही."

"माहीत हाय."

"पण ते चोवीस परत पाठवायची घाई मीच केली. त्यांना कमी काम दिलं तर ते करतील. गावाचा भार नाही झेपणार, पण शेडमधले पंखे? मे महिन्यात डबे गार ठेवायला दहा मोठे पंखे लागतात, ते आपण गावाच्याच विजेवर चालवत होतो." तिने वही ओढली आणि आकडेमोड सुरू केली. तिच्या आईसारखी तीही निवडायला बसली की मान वर करत नाही.

सात दिवसांत आम्ही दोनशे सोळा डबे परत लावले. या वेळी प्रभावती मैत्रिणींना घेऊन आली. पेटी भरणाऱ्या चार बायका, आकड्याला आकडा लावत, एकही डबा भलत्या जागी न ठेवता काम करताना बघून मला माझ्या तीन दिवसांच्या मेहनतीची लाज वाटली. मधेच प्रभावतीने हटकलं, "भरून लगेच लावू नका. चार दिवस आढीत ठेवा." आढी म्हणजे आंबा पिकायला गवतात घालतात ती. न पिकता आतून नासणारा आंबा आढीतच कळतो. दीक्षाने ऐकलं, डबे भरून चार दिवस नुसते पडू दिले आणि मग मोजले. पाच डबे आपोआप उतरले होते. वरून ऐंशीचे, आतून गळके. "हे माझ्या तपासणीत दिसलेच नसते," ती म्हणाली. आणि प्रभावतीने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. गळके पाच धोक्याचे म्हणून तेवढे काढले, त्यांच्या जागी खालच्या मांडणीतले एकेक वर सरकले. नववी मांडणी एकोणीस डब्यांची राहिली, पंख्यांना तेवढी पुरे होती. तिला दीक्षाने वेगळा छोटा इन्व्हर्टर लावला, आणि गरज लागलीच तर ती गावाकडे वळवता येईल असा एक खटकाही बसवला.

दुसऱ्या चाचणीच्या आधी मी अजिंक्य साहेबांसमोर, अख्ख्या वाडीदेखत सांगितलं, "मागच्या वेळी पोरीची चूक नव्हती. वाटे मी घातले होते." एकतीस घरांतली माणसं उभी होती. केरू पुटपुटला, "राजेंद्राचे वाटे चुकले?" हो, चुकले. सांगून झाल्यावर अंगावरचं ओझं उतरलं, हे मात्र खरं.

सहा वाजता तार तोडली. सात वाजले. आठ वाजले. मागच्या वेळची वेळ ओलांडली तेव्हा अंगणात हळूहळू कुजबुज सुरू झाली. आठही मांडण्या बरोबरीने उतरत होत्या, एकही मागे नाही, एकही पुढे नाही. पंखे नववीवर गरगरत होते.

आणि मग गावाने घात केला. इतकी चांगली वीज संध्याकाळची कुणी बघितलीच नव्हती. कुणी मिक्सर लावला, कुणी इस्त्री, कुणी दोन दिवसांचं पाणी चढवायला पंप. केरूने तर बर्फाचं दुसरंही मशीन चालू केलं. पडद्यावरचा भार चढत गेला. पावणेनऊला दीक्षाचा चेहरा उतरला. "नऊला अजून पंधरा मिनिटं आहेत. वीज बारा मिनिटांचीच उरली आहे."

"गावात सांगून यायला पाठवू का, बंद करा म्हणून?" मी विचारलं.

"नाही. बंद करायला लावलं तर चाचणी कसली? त्यांना हवी तेवढी वापरू द्यायची, म्हणून तर हे सगळं."

मी नवव्या मांडणीकडे बघितलं. पंखे ओढून तिच्यात अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. "हिला लाव गावाला."

"तीन तास नाही ओढणार ती."

"तीन तास कोण मागतंय? पंधरा मिनिटं." होडी वाळूवर घेताना शेवटच्या दोन हिसड्यांना म्हातारेही हात लावतात. तेवढं त्यांना जमतं, आणि तेवढ्यानेच होडी वर येते. "मी बघितलंय, लाव."

दीक्षाने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "डबे तुमचेच आहेत. नियमात बसतं."

"बाबा, खटका तुम्ही टाका," दीक्षा म्हणाली.

पंखे थांबले. शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि उकाडा अंगावर आला. पस्तीस वर्षं खटके टाकले, पण तो मी दोन्ही हातांनी टाकला. नववी मांडणी गावाला लागली. आठांवरचा भार थोडा हलका झाला, फार नाही, पण पडद्यावरचे बारा मिनिटांचे पंधरा झाले, मग सोळा. प्रभावती दारात उभी राहून पदराने घाम पुसत होती. आठ पंचावन्न. आठ अठ्ठावन्न. नववीचा इन्व्हर्टर घरघरत होता, पण ओढत होता. नऊ वाजले. साहेबांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं, आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी तार जोडली.

गावाला कळलंसुद्धा नाही. दिवा लुकलुकला नाही. बाहेर केरूचं मशीन चालूच होतं. मग हौसाबाय अंगणातून शेडच्या आत आल्या, टोपलीवरचं फडकं काढलं आणि मला दाखवलं. सुरमई बर्फात होती. संध्याकाळचा ताजा बर्फ, आमच्याच गावचा. "उद्या सकाळी बाजारात नेते," त्या म्हणाल्या. "मी सांगीन त्या भावानं इकते." मला रडू फुटलं आणि ते मी लपवलंही नाही.

साहेब कागद भरायला बसले. "मांडण्या आठ," असं म्हणत त्यांनी लिहायला घेतलं आणि थांबले. "नववीचं काय लिहू? टाकाऊ म्हणून नोंद आहे माझ्याकडे."

दीक्षाने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, आठचा आकडा खोडला आणि नऊ केला.

"आणि हे लावलं कुणी, त्याचं नाव?"

"पेट्या माझ्या आईने भरल्या," दीक्षा म्हणाली. "आणि नववी माझ्या बाबांची. वाटे घालण्यात त्यांचा हात धरणारं वाडीत कुणी नाही."

साहेबांनी दोन्ही नावं लिहून घेतली, प्रभावतीचं आधी. मी पंखे परत सुरू केले आणि नवव्या मांडणीच्या डब्यांवर हात ठेवून बघितला. गरम झाले होते बिचारे. पुसट झालेले त्यांचे पंचावन्न-पंचावन्न मी खडूने एकेक करून परत नीट लिहिले, बापाचं नाव लिहावं तसे.